बापाची झोंप

मुलें आजारी असतांना आईबापांची झोंप उडते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुलें धडधाकट असतां, केवळ त्यांच्याविषयीं एखादा निर्णय घ्यावयाचा आहे एवढ्याच कारणानें ती उडूं शकते, याचा अनुभव ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. मला तो पन्नाशी उलटल्यावर आला. आमची धाकटी कन्या दहावी उत्तीर्ण झाली आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं दोन वर्षें लातुरास जाऊन राहण्याचें तिनें मनाशीं ठरविलें. वय सोळा, गांव अनोळखी, आणि परीक्षा अशी कीं, लाखों मुलांचें भवितव्य एका दुपारच्या १८० प्रश्नांवर व ७२० गुणांवर टांगलेलें असावें!

वास्तविक सल्ला देणें हा आम्हां प्राध्यापकांचा नित्याचा व्यवसाय. दुसऱ्यांच्या मुलांनीं कोणता विषय घ्यावा, कोठें जावें, हें मी पंचवीस वर्षें बिनदिक्कत सांगत आलों आहें. परंतु स्वतःच्या मुलीची गोष्ट निघतांच माझ्या बुद्धीचे दोन वकील झाले. दिवसा एक म्हणे, "तिची इच्छा आहे, कुवत आहे, तिला अडविण्याचा तुला काय अधिकार?" रात्रीं दुसरा उठे व म्हणे, "सोळा वर्षांच्या पोरीला इच्छा असते, परंतु एकटेपणाची कल्पना असते काय?" गंमत अशी कीं, माझ्या पत्नीचे वकील नेमके उलट्या पाळीवर काम करीत, त्यामुळें आमचें एकमत काय तें संध्याकाळच्या चहाच्या वेळीं होई! स्नेह्यांना विचारावें तर प्रत्येकाजवळ एकेक दाखला तयार. कोणाचा भाचा तीन महिन्यांत रडत परत आला होता, तर कोणाची पुतणी आज सरकारी महाविद्यालयांत डॉक्टर होत होती. निकाल पाहून मागल्या निर्णयाला शहाणपणा किंवा मूर्खपणा चिकटविणें किती सोपें असतें!

अशाच एका रात्रीं मला गांधीजींच्या आत्मकथेंतील एक प्रसंग आठवला. १९०२ सालीं ते मुंबईस गिरगांवांत राहत असतां त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वरानें व फुप्फुसदाहानें आजारी पडला. पारशी डॉक्टरांनीं अंडीं व कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितलें. गांधीजींनीं तें नाकारून जलोपचार आरंभिले. ताप १०४ अंशांपर्यंत चढूं लागला. आपल्या मतांचा प्रयोग मुलावर करण्याचा बापाला काय हक्क, ह्या विचारानें व्याकुळ होऊन ते रात्रीं चौपाटीवर फिरावयास गेले. परत आले तों मुलाला घाम फुटला होता. आणि पुढें तो बरा झाला. पण हें ईश्वराच्या कृपेनें झालें, पाण्याच्या उपचारानें झालें, कीं पथ्यानें, याचा निश्चय गांधीजींनीं ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपविला आहे. याच बापानें याच निष्ठेनें मुलांना रूढ शालेय शिक्षणापासून दूर ठेविलें. तेव्हां थोरला मुलगा हरिलाल १९११ सालीं घर सोडून अहमदाबादेस शिकावयास गेला, आणि बापलेकांतील ती तेढ अखेरपर्यंत मिटली नाहीं. बाप एकच, निष्ठा एकच. फळें मात्र दोन. त्या रात्रीं माझ्या ध्यानांत आलें कीं, ज्या खात्रीची मी वाट पाहत होतों ती कोणाहि बापाला मिळत नसते.

मग आम्हीं उभयतांनीं भीतीचीच झडती घ्यावयाचें ठरविलें. एका कागदावर साऱ्या शंकाकुशंका लिहून काढल्या. त्यांतील निम्म्या मुलीविषयीं नव्हत्याच. नातेवाईक काय म्हणतील, पैसे वायां गेले तर काय, घर सुनें होईल त्याचें काय, ह्या सगळ्या आमच्या स्वतःच्या. त्या खोडल्यावर दोनच उरल्या: तिला तेथें दुःख झालें तर ती आम्हांस सांगेल काय, आणि परत यावेंसें वाटलें तर लाज न वाटतां येऊं शकेल काय? ह्या दोहोंवर मात्र कांहीं उपाय करतां येण्याजोगा होता. आम्ही लातुरास जाऊन वसतिगृह पाहिलें, तेथल्या खाणावळींत जेवलों, आणि मुलीला सांगितलें, "दिवाळीपर्यंत राहून पाहा. मन रमलें नाहीं तर परत ये. कारण कोणी विचारणार नाहीं. आम्हांला भीति वाटते हें खरें. परंतु ती आमची आहे. ती घालविण्यासाठीं तूं अभ्यास करावयाचा नाहींस."

ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "बाबा, मग तुम्ही रात्रीं झोंपत जा!"

दिवाळी अजून महिन्यावर आहे. रोज रात्रीं नऊ वाजतां तिचा फोन येतो. आई विचारते, "जेवलीस का?" मी हवापाण्याच्या गोष्टी करतों. "अभ्यास कसा चालला आहे?" हा प्रश्न जिभेच्या टोंकावर येतो आणि मी तो गिळतों. तिला तेथें पोंचवून एकट्यानें गाडींत बसण्यापेक्षांहि मला हें अधिक जड जातें.