नवी कोरी जुनी गिटार

इलेक्ट्रिक गिटार मुद्दाम जुनी करून विकतात, आणि ती कोऱ्या गिटारीपेक्षा सहसा महाग असते! फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ साली 'रेलिक' या नावाने ही मालिका काढली. रंग घासून लाकूड उघडं करायचं, लॅकरला थंडीचा झटका देऊन बारीक भेगा पाडायच्या, स्क्रू गंजवायचे. आमच्या कचेरीत नवा कागद जुना भासवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. इथे त्याचेच जादा पैसे.

हसून सोडून द्यावं, तर रोरी गॅलाहर आठवतो. या आयरिश वादकाने १९६३ मध्ये कॉर्क शहरात एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर घेतली आणि शेवटपर्यंत वाजवली. रंग इतका उडाला की लाकूडच जास्त दिसायचं. १९९५ मध्ये तो गेला. पुढे फेंडरने त्या झिजेचीही हुबेहूब नक्कल विकली. मूळ गिटार २०२४ च्या लिलावानंतर आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मिळाली.

तरीही मडगावच्या एका मित्राची रेलिक हातात घेतली तेव्हा माझी टीका जरा थंडावली. मानेच्या कडा गोल, गुळगुळीत. पहिला ओरखडा पडेल ही धास्तीच नाही. माणूस मोकळेपणी वाजवतो, हे खरं. फक्त एक गंमत दिसली. कारखान्याने उजवा हात टेकतो तिथला रंग घासून दिलेला, पण मित्राचा हात तिथे टेकतच नाही. त्याची स्वतःची झीज दोन बोटं खाली आत्ता कुठे सुरू झाली आहे.