मातीची पकड

ब्रेकरची एक जुनी, टोक गेलेली छिन्नी होती. आमच्या लेथवाल्यानं तिची शेपटी तशीच ठेवली आणि पुढच्या अंगाला जाड पोलादी ठोकळा जोडून त्यात १९ मिलिमीटरचं, अडीच इंच खोल भोक पाडून दिलं. १७.२ मिलिमीटरचा, तांब्याचा मुलामा दिलेला अर्थिंगचा रॉड त्यात सैलसर बसतो. बाजारात रॉड ठोकायचे तयार ड्रायव्हर मिळतात, पण ही ‘टोपी’ माझ्या हातात बसली आहे.

माझे वडीलही वायरमन होते. मीठ-कोळशाचा खड्डा ते स्वतः खणत. जिथं पाइप ठोकायचा तिथं घण चाले. मी दोन्ही हातांनी पाइप धरायचो आणि घण खाली येताना डोळे मिटायचो. दर घावाला पाइपचं डोकं थोडं बाजूला जायचं. माती फाकायची आणि तोंडाशी भोक गाडग्यासारखं रुंद व्हायचं. पाइप आत जायचा हे खरं, पण वरचा हातभर भाग मातीला टेकतच नसे. हे तेव्हा मला दिसत होतं, कळत नव्हतं.

कळायला आकडे लागले. तीन मीटरच्या रॉडचा जो काही ओहम मीटरवर दिसतो, त्यातला निम्म्याच्या आसपास रॉडभोवतीच्या अर्ध्या फुटाच्या मातीत असतो. म्हणजे शेताचं सगळं शिवार दूर राहिलं, रॉडला चिकटलेल्या मातीचा एवढा वेढाच निम्मं काम ठरवतो. तिथं बोटभर पोकळी राहिली तर बाकीचं सगळं व्यर्थ. जाडीनंही फारसा फरक पडत नाही. रॉड दुप्पट जाड घेतला तर रोध दहा-अकरा टक्क्यांनी उतरतो, पण खोली दुप्पट केली तर चाळीस टक्क्यांहून अधिक. रॉड आत गेला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. मातीनं त्याला धरलं पाहिजे.

म्हणून मला ब्रेकर आवडतो. त्याचे घाव लहान असतात, पण सेकंदाला कितीतरी पडतात आणि सरळ रॉडच्या अक्षातून उतरतात. माती बाजूला ढकलली जाते ती रॉडलाच बिलगून. अट एकच, मशीन ड्रिलही करणारी असेल तर बटण नुसतं ठोकायच्या खुणेवर हवं. फिरण्याच्या खुणेवर राहिलं तर टोपी रॉडला पिळते आणि मशीन मनगटाला झटका देते. खरं अवघड काम पहिल्या चार फुटांत आहे. दहा फुटी रॉडच्या टोकावर जड मशीन धरून घोडीवर उभं राहणं मला पटत नाही, म्हणून मी जोडाचे तुकडे वापरतो. पहिला तुकडा ओळंब्यानं सरळ करतो आणि अंग न टाकता मशीन नुसती धरून ठेवतो. तिच्या वजनाला तिचं काम करू द्यायचं. आपण दाबलं की रॉड वेताच्या छडीसारखा थरथरतो आणि घणाचीच चूक मशीनकडून होते. मशीन लावायच्या आधी मालकाला जागा फिरून दाखवायला लावतो. “दादा, इथनं पाइपलाइन गेलीय,” हे एक वाक्य ऐकण्यासाठी अर्धा तास गेला तरी चालतो.

करमाळ्याकडच्या काळ्या मातीत रॉड असा उतरतो की पाहत राहावं. पण त्याच मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ती रॉडपासून सुटते. काही जण पाणी ओतत रॉड हातानं वरखाली करून घुसवतात. चिखल वाळला की तीच पोकळी. पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग म्हणूनच मी शेवटचं धरत नाही. पुरंदरच्या मुरमात आवाज कोरडा येतो, रॉड इंचाइंचानं जातो. कोकणात जांभ्यावर पाच मिनिटं नुसतं गुरगुरणं. कातळ लागला की घाव परत येतो, तो मनगटाला आधी कळतो आणि कानाला मागून. तिथं थांबायचं. जोर केला तर डोकं आळंब्यासारखं पसरतं आणि मुलामा सोलून निघतो.

पंचवीस वर्षांपूर्वी मी थांबलो, पण चुकीच्या रीतीनं. एका विहिरीवर रॉड पाच फुटांवर अडला. अंधार पडत होता. मी वरचा भाग हॅकसॉनं कापला, क्लॅम्प बसवला आणि मालकाला म्हणालो, “काका, दहा फूट गेला.” दोन वर्षांनी त्यांच्या आईंनी ओल्या हातानं स्टार्टरच्या पेटीला हात लावला आणि त्या मागं फेकल्या गेल्या. वाचल्या. मी अर्थ टेस्टर घेऊन गेलो, तर मीटरवर साठ ओहम. २३० व्होल्टला साठानं भागा, चार अँपिअरसुद्धा येत नाहीत. ३२ अँपिअरचा फ्यूज त्यानं कसा उडेल? पेटी दोन वर्षं तशीच उभी होती.

आजी पडवीत बसल्या होत्या. मी त्यांना कापलेल्या रॉडचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आता नीट कर, बाबा.” विहिरीच्या खालच्या अंगाला, जिथं गाळाची माती खोल होती, तिथं दोन रॉड तिरपे घातले. दोघांत रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवलं, पट्टीनं जोडले आणि स्टार्टरच्या आधी गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. पक्क्या मुरमाड जमिनीत ओहम जमतील तेवढे खाली आणले तरी फ्यूज उडेलच याची हमी नसते, आणि जीव वाचतो तो या डबीनं. पण कुणाचा हात लागायच्या आधीच डबी पडायची तर माती लागते, म्हणून रॉड टाळता येत नाही.

आता सोबतच्या पोराला मी मशीन देतो, टेस्टर मात्र आधी शिकवतो. दोन खुंट्या लांब लावायच्या, मधली अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर, आणि ती थोडी मागे-पुढे सरकवून आकडा ठरतोय का पाहायचं. रॉडचे फूट मोजून पैसे मागायचे दिवस संपले, हे मी त्याला सांगत नाही. तो आकडा वहीत लिहितो आणि मी पेटीच्या झाकणावर आतून, तारखेसह, ऑइल पेंटनं.

आजींच्या विहिरीवर गेल्या मेमध्ये गेलो होतो. जमीन भेगाळलेली, झाकणावर माझ्याच हाताचे आठ आकडे एकाखाली एक. नववा लिहायला जागा नव्हती. आजींच्या नातवानं पेटी आतून पुसून दिली आणि बाजूच्या पत्र्याकडे बोट केलं.