बाटलीचा पर्जन्यमापक

आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 च्या सकाळी मुसळधार पावसात दरडीखाली गेलं. 150हून अधिक माणसं गेली. शाळांमधल्या हवामानबदलाच्या प्रकल्पांचा विचार करू लागलं, की माझं मन त्या पावसापाशी थांबतं आणि डोळ्यांसमोर बाटली कापून केलेला पर्जन्यमापक येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच पर्यावरणशिक्षण सक्तीचं करायला सांगितलं होतं. ते बरंचसं घोषवाक्यांत आणि पावसाळ्यातल्या रोपांत अडकलं. भीमाशंकरच्या अंगाला पाऊस कोसळतो, जुन्नरच्या पूर्वेला बेल्ह्याकडे हात आखडता घेतो. तालुक्याच्या सरासरीत हा फरक बुडून जातो; गावोगावच्या शाळांनी रोज सकाळी आकडा लिहिला, तर तो दिसेल.

बाटलीने कर्ब घटत नाही, हा आक्षेप खरा आहे. इथल्या घोड-कुकडी नद्यांच्या खोऱ्यातल्या मुलांनी पृथ्वी तापवलेली नाही. मग प्रायश्चित्त त्यांनी का घ्यावं? म्हणूनच मला झाडं मोजण्यापेक्षा पाऊस मोजणं न्याय्य वाटतं. त्यात अपराधभाव नाही, आणि कुठल्या पावसात कोणत्या उताराखाली झोपू नये, हे मोठ्यांना विचारण्याचा आधार आहे. दोन-तीन वर्षांच्या नोंदींना हवामान म्हणत नाहीत, त्याला 30 वर्षं लागतात, हेही मान्य. पण मग वही एका वर्गाने पुढच्या वर्गाकडे सोपवायची. फक्त सुट्टीतल्या सकाळी ती कोण उघडणार, आणि शिक्षकांची बदली झाल्यावर कोण जपणार, हे माझ्या मनात अजून सुटलेलं नाही.