फिती पुसल्या, माणसं अजून आहेत

मुंबई दूरदर्शनचं प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दिल्लीनंतरचं हे देशातलं दुसरं केंद्र. पुढच्या वर्षी सिंहगडावरून सहक्षेपण सुरू झालं आणि पुण्यातल्या घरांतही वरळीचा स्टुडिओ दिसू लागला. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम रोज येऊ लागला, तोवरची जवळजवळ दहा वर्षं छोट्या पडद्यावरची संध्याकाळ प्रामुख्याने इथल्या माणसांनी, इथल्या भाषेत भरून काढली. या दशकाचा इतिहास लिहायचा तर आधार कशाचा घ्यायचा? चित्रफितींचा, असं कुणीही म्हणेल. पण बरेच कार्यक्रम थेट जात, त्यांची फीत कधी निघालीच नाही. जे मुद्रित झाले ते दोन इंच रुंदीच्या, परदेशातून येणाऱ्या महागड्या फितींवर. फीत पुसून तिच्यावर पुढचा कार्यक्रम घेणं ही तेव्हाची रोजची रीत होती. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की तिथे काम केलेल्यांच्या आठवणी हाच त्या काळाचा मुख्य दस्तऐवज आहे, आणि तो वाढदिवसाच्या कौतुकसोहळ्यात नव्हे, तर शिस्तीने नोंदवायला हवा.

शिवाय फीत उरली असती तरी तिने काय सांगितलं असतं? श्रेयनामावलीचंच बघा. ती काळ्या पुठ्ठ्यांवर पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेली असे. पुठ्ठ्यांची चळत स्टँडवर ठेवायची, एक कॅमेरा तिच्यावर रोखायचा, आणि खूण मिळाली की वरचा पुठ्ठा अलगद ओढून घ्यायचा. हात चौकटीत दिसता कामा नये, खालचा पुठ्ठा हलता कामा नये. पडद्यावर दिसतात ती फक्त नावं. त्यामागचं कसब, ते कुणी कुणाला शिकवलं, अक्षराचं वळण कुणी ठरवलं, हे त्या पुठ्ठ्याशी उभा असलेला माणूसच सांगू शकतो. दोन इंची फितीवर संकलन करणं जिकिरीचं, म्हणून शक्यतो सगळं सलग चित्रित होई. विनायक चासकरांच्या ‘गजरा’तली प्रहसनं असोत की सुहासिनी मुळगावकरांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’तल्या साहित्यिकांशी गप्पा, त्यांचा सुटसुटीतपणा किती तालमीतून आला आणि किती नाइलाजातून, हा प्रश्न समीक्षेचा आहे. त्याचं उत्तरही त्या माणसांकडेच आहे.

आठवणींवर विश्वास ठेवायचा कसा, हा आक्षेप खरा आहे. माणूस साल चुकतो, दोन कार्यक्रम एकत्र करतो, आपला वाटा नकळत वाढवतो, आणि गेलेला काळ त्याला नेहमीच सोन्याचा वाटतो. पण तारखा आठवणींकडून घ्यायच्याच कशाला? त्या काळची वर्तमानपत्रं रोजचे कार्यक्रम छापत. तारखा तिथे पडताळून घेता येतात. आठवणींना विचारायचं ते कामाबद्दल: दिवे कुठे लावायचे, सोळा मिलिमीटरची फिल्म धुऊन बातम्यांच्या वेळेत कशी पोचवायची, घाबरलेल्या शेतकऱ्याला ‘आमची माती आमची माणसं’मध्ये बोलतं कसं करायचं. वर्षानुवर्षं हातांनी केलेलं काम स्मृती सहसा विसरत नाही. आणि एकच गोष्ट तिघांनी वेगवेगळी सांगितली तर तो फरकसुद्धा पुरावा असतो. केंद्रात कुणाचा शब्द चाले, कुणाचा नाही, हे त्या फरकातूनच कळतं.

दुसरा आक्षेप असा की या आठवणी पुष्कळदा सांगून झाल्या आहेत. झाल्या आहेत, पण पडद्यावर दिसलेल्यांच्या. निवेदक, वृत्तनिवेदक, निर्माते यांना व्यासपीठ मिळालं आणि त्यांनी ते चांगलं वापरलं. प्रकाशयोजना करणारे, नेपथ्याचे सुतार, रंगभूषाकार, फिल्म संकलक, फितींच्या यंत्रावर बसणारे तंत्रज्ञ यांना सहसा कुणी विचारलं नाही, आणि प्रेक्षकांना तर त्याहून नाही. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’मधून ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं उभी राहिली. कार्यक्रमाचा अर्धा इतिहास तिथे घडला, कोणत्याही कॅमेऱ्यापासून दूर. बीबीसीनेही जुन्या फिती अशाच पुसल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे जवळपास शंभर भाग त्यात गेले, पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवला होता. आपल्याकडेही कुणाच्या माळ्यावर एखादी कॅसेट, स्टुडिओतला फोटो, केंद्राने पाठवलेलं उत्तराचं पत्र असेल.

१९७२ साली पंचविशीत असलेला तंत्रज्ञ आज पंच्याहत्तरी ओलांडून पुढे गेला आहे. विद्यापीठांच्या माध्यम विभागांनी विद्यार्थ्यांच्या हाती ध्वनिमुद्रक देऊन या माणसांच्या घरी पाठवावं. त्याला मोठा निधी लागत नाही. आणि तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल, तर विद्यापीठाची वाट न बघता या रविवारी फोनवर मुद्रण चालू करा आणि त्यांना विचारा, तुम्ही नेमकं काय काम करत होता?