अर्धी पेटी

आयोवाला निघाले तेव्हा आईनं गल्लीत सांगून टाकलं, पोरगी एमबीएला चाललीय. एमएफए म्हणजे काय, हे मी तिला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हंजे लिहायला शिकवणार. मग इतकी वर्षं तुला लिहायला येत न्हवतं व्हय?" मी वाद घातला नाही. एमबीए तर एमबीए.

आयोवा सिटी नदीकाठचं लहानसं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात १९३६ साली कथा-कविता लिहिण्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. फ्लॅनरी ओकॉनर तिथंच शिकली. पुढं १९६७ साली पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी जगभरच्या लेखकांना बोलावणारा वेगळा उपक्रम काढला आणि १९७५ साली दिलीप चित्रे त्यात आले होते. मला करमेनासं झालं की मी नदीवरच्या पुलावर जाऊन उभी राहायचे आणि याच पुलावर चित्रेही कुडकुडले असतील, अशी स्वतःची समजूत घालायचे. पारा शून्याखाली वीसवर गेला की तीही पुरत नसे.

शिकवण्याची पद्धत म्हणाल तर साधी. आठवडाभर आधी कथेच्या प्रती सगळ्यांना द्यायच्या. ते वाचतात, समासात खुणा करतात, लेखकाला पानभर पत्र लिहितात. मग एके दुपारी डे हाऊसच्या खोलीत टेबलाभोवती दहा-बारा जण बसून तासभर कथेवर बोलतात आणि ती जिची असते तिनं एक अक्षर बोलायचं नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरीनं खाली मान घालून बसावं, तशी मी बसले होते. फरक एवढाच की इथं पोह्यांऐवजी आपली कथाच ताटलीत घातलेली असते.

माझी पहिली कथा आमच्या घरची होती. इचलकरंजीत आम्ही मागाच्या शेडला लागून एका खोलीत राहायचो. वडील मागावर आणि आई कांड्या भरायची. मालकानं कांडी मशीन आमच्याच खोलीत बसवलं होतं. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी, माग सुरू असला की संपत राहते, कुणाला तरी ती सतत भरत राहावं लागतं. हे आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसंच त्या कथेतही सांगून ठेवलं होतं. कांडी आली की स्वल्पविराम आणि खुलासा, धोटा आला की खुलासा. भाकरीलासुद्धा सोडलं नव्हतं! टेबलाभोवती सगळे कौतुकानं बोलले, पण एखाद्या वस्तुसंग्रहालयातून फिरून आल्यासारखे.

त्याच महिन्यात तिथल्याच शेतकरी घरातल्या एका मुलाची कथा आली. आयोवात माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त, त्यामुळे कथा डुकरिणीच्या बाळंतपणाची. गोठ्यातल्या लोखंडी पिंजऱ्याला, दिव्याला, आजाराला त्यांचे म्हणून शब्द होते आणि पठ्ठ्यानं एकाचाही अर्थ दिला नव्हता. मीही कुठं अडले नाही. पिल्लू आईच्या अंगाखाली चिरडू नये म्हणून तो रात्रभर जागतो, एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळत गेलं. त्या रात्री मी माझ्या कथेतले सगळे खुलासे खोडले. फार बरं वाटलं. कुणाचं तरी देणं फेडल्यासारखं.

मधली दोन सत्रं भराभर गेली. पदवीच्या पोरांना शिकवलं, ती पहिल्याच दिवशी मला नावानं हाक मारू लागली. प्रेअरी लाइट्स या दुकानात उभ्याउभ्या पुस्तकं वाचली.

दुसऱ्या वर्षी तीच कथा पुन्हा टेबलावर ठेवली. या वेळी मी तयारीत होते: कुणी कांडीचा अर्थ विचारला की मनातल्या मनात नाक मुरडायचं. विचारलाच नाही कुणी. त्या डुकरिणीवाल्या मुलाचं पत्र मात्र घरी येऊन वाचलं. त्यानं लिहिलं होतं, कांडी समजली. पण नवरा मालकाशी भांडून काम सोडून येतो, त्या रात्री ती बाई पहाटेपर्यंत त्याच मालकाच्या कांड्या का भरत बसते? आणि खाली, ते तुला तरी माहीत आहे का?

नव्हतं. मी त्या प्रसंगावर दोन पानं लिहिली होती. त्यात मशीनची घरघर होती, तिची सावली भिंतीवर हलत होती, तिच्या मूक वेदनेचं बरंच काही होतं. खुलासे गेले तसं ते उघडं पडलं. परक्या शब्दांच्या आड माझं न कळणं इतके दिवस लपून बसलं होतं.

फोन लावला. आमची रात्र, तिची सकाळ.

"आई, बाबांनी काम सोडलं त्या रात्री तू कांड्या भरत बसली होतीस. का गं?"

"अगं, अर्धी पेटी राहिली हुती. अर्ध्या पेटीचं पैसं कोण देतंय?"

एवढंच. मग तिनं मला पातळ जॅकेट घालून फिरू नको म्हणून सांगितलं.

दोन पानं काढली. त्यांच्या जागी ती पेटी ठेवली, अर्धी भरलेली, आणि दोनदा पेटीत डोकावणारी बाई. प्रबंध म्हणून सात कथा सादर केल्या, त्यात ही पहिली.

सुट्टीत त्याची बांधलेली प्रत घरी नेली. आईला इंग्रजी येत नाही. भाच्यानं बोट ठेवून तिला कांडी हा शब्द दाखवला, रोमन लिपीतला. तिनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"ही माझी कांडी?"

"हो."

"मग मराठीत लिहायला काय झालं हुतं?"