निकाली काढलेले प्रकरण

गेल्या महिन्यात सोलापूरहून एका वर्गमित्राचा फोन आला आणि आमचे मानसशास्त्राचे सर गेल्याचे कळले. खिदिरपूरला बदली होऊन आल्यापासून त्यांना एक पत्र लिहायचे मनात होते. ते राहून गेले. त्या पत्रात जे लिहायचे होते ते आज येथे लिहीत आहे. सरांना प्रसिद्धी आवडत नसे, म्हणून त्यांचे नाव देत नाही.

मी मूळचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. बी. ए. ला मानसशास्त्र घेतले ते केवळ जोडविषय हवा म्हणून. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्यांपुढे मनाचे शास्त्र मला मोघम वाटे. सरांनी ते ओळखले होते. ते म्हणत, "तुमचा तो पूर्ण विवेकी ग्राहक मला आठवडी बाजारात एकदा दाखवा." प्रशासनातले निर्णय प्रत्यक्षात कसे घेतले जातात याचा अभ्यास करणाऱ्या हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे मला सरांकडूनच कळले. पुढे २००२ साली डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाला तेच पारितोषिक मिळाले, तेव्हा सरांचे दोन शब्दांचे पोस्टकार्ड आले: "आता तरी?"

सरांच्या घरी त्यांचा धाकटा भाऊ असे. तेव्हाच्या भाषेत मतिमंद. रोज सकाळी त्याची आंघोळ, दाढी आणि न्याहारी उरकूनच सर महाविद्यालयात येत. लग्नाच्या वेळी त्यांनी एकच अट घातली होती, भाऊ आपल्याजवळ राहील ही. ती अट बाईंनी त्यांच्याहून अधिक पाळली. वर्गात मात्र सरांनी भावाचे उदाहरण कधीही दिले नाही. घर माळकरी होते. सर एकादशी करीत, वारीला जात, पण त्याचाही उच्चार नसे. रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यावर अशाच मुलांचे आईवडील येऊन बसत. सर त्यांचे ऐकून घेत, अर्ज लिहून देत आणि चहा पाजून पाठवीत. पैसे कधी घेतले नाहीत.

वर्गात ते दोन गोष्टी विशेष रंगून सांगत. पहिली कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांची. पेशाने डॉक्टर, विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापक. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, आणि १९४० साली मनोरुग्णांसाठी लुंबिनी पार्क हे रुग्णालय काढले. गीता आणि पुराणे यांवरही त्यांनी लिहिले. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि मतभेदही होते. तरी १९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला त्यांच्या संस्थेकडून हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट गेली, आणि धर्म न मानणाऱ्या फ्रॉइडने ती आपल्या मेजावर ठेवली. सर म्हणत, "शास्त्र, श्रद्धा आणि सेवा एका घरात सुखाने नांदू शकतात."

दुसरी गोष्ट ब्ल्यूमा झायगार्निक यांच्या प्रयोगाची. पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम अधिक लक्षात राहते, असे त्यांनी १९२७ साली मांडले. पुढच्या अनेक प्रयोगांत तसा निष्कर्ष निघाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सरांनी त्यातून मला जे शिकवले ते प्रयोगशाळेवर अवलंबून नव्हते.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्याकडे निवृत्तिवेतनाचा विभाग होता. एका महिन्यात आम्ही सर्व प्रलंबित प्रकरणे संपवली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मी अभिमानाने सरांना कळवले. उत्तरादाखल पोस्टकार्ड आले: "अभिनंदन. निकाली निघाले ते तुमच्या टेबलावरून. अर्जदाराच्या मनातून किती निघाले, तेही एकदा मोजा."

मी थोडा रागावलोच. मग जुन्या फायली मागवल्या. त्यांत एका निवृत्त कर्मचाऱ्याचा अर्ज होता. आपल्या मतिमंद मुलीला आपल्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे म्हणून तिची नोंद करण्याविषयी. "वैद्यकीय प्रमाणपत्र विहित नमुन्यात नाही, सबब अर्ज परत" असा शेरा, आणि खाली माझी सही. विहित नमुना सोबत जोडला नव्हता. माणूस पाठवून चौकशी केली तेव्हा कळले की वडील वारले होते. मुलीला निवृत्तिवेतन मिळाले, पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. ती दोन वर्षे तिने कोणाकडे आणि कशी काढली, हे मला आजतागायत समजलेले नाही. नियमाप्रमाणे माझी चूक शून्य होती. हे मी सरांना कधीच सांगू शकलो नाही.

खिदिरपूर ही गोदीची वस्ती. १८९२ पासून येथे जहाजे लागतात, आणि गोदीत आयुष्य काढलेली कितीतरी माणसे आसपासच्या गल्ल्यांत राहतात. गेल्या वर्षी अशाच एका गल्लीतून एक विधवा बाई तिशीतल्या मुलाचा हात धरून माझ्या कार्यालयात आल्या. पती केंद्र सरकारी नोकर होते. मुलगा बोलत नव्हता, आईचा पदर सोडत नव्हता. बाईंचा प्रश्न एकच होता, "माझ्यामागे याचे काय?"

उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला नियमांतील अटी पूर्ण होत असल्यास आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि त्याचे नाव आईवडिलांच्या हयातीतच आदेशात घालता येते. बाईंचे प्रमाणपत्र याही वेळी अपुरे होते. या वेळी मात्र कोरा नमुना त्यांच्या हाती दिला, कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी जायचे ते बंगालीत लिहून दिले, आणि पालक म्हणून कोणाचे नाव द्यायचे तेही विचारून घेतले. दोन महिन्यांनी आदेश निघाला. तो घेताना बाईंनी मुलाच्या नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचवून घेतले.

त्या रविवारी मी पारसीबागान गल्लीत जाऊन गिरींद्रशेखरांची संस्था बाहेरून पाहून आलो. परतताना ठरवले, आज सरांना सगळे लिहायचे, त्या मुलीचेही. मग वर्षअखेरीची कामे आली, आणि पत्र राहिले.

वाचकहो, माझ्या विभागाच्या मासिक विवरणपत्रात मी आता एक रकाना वाढवला आहे. परत केलेल्या प्रत्येक अर्जापुढे लिहायचे, अर्जदाराला पुढे काय करायचे ते समजले आहे काय? पहिल्या महिन्यात सात ठिकाणी "नाही" आले. त्या सात जणांना आम्ही बोलावले आहे.