मॉर्फिनला मी नाही म्हणत होते

मन खंबीर असलं की दुखणं हटतं, असं मी आयुष्यभर मानलं. कुणाला भेटायला दवाखान्यात गेले की हेच सांगून यायचे. आता मला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पोचलेला. बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि माझं ते मत राहिलेलं नाही.

हे दुखणं पोटातून पाठीत शिरतं. आडवं झालं की वाढतं, म्हणून उशी पोटाशी धरून पुढे वाकून रात्र काढायची. अशा वेळी देव आठवत नाही, नातवंडंसुद्धा नकोशी होतात. "आई, चांगले विचार कर," लेक म्हणायचा. माया होती त्यात, पण मी त्याच्यावर खेकसायचे.

मॉर्फिन सुचवलं गेलं तेव्हा मी साफ नकार दिला. आपल्याकडे मॉर्फिन म्हणजे शेवट आला, अशीच समजूत. शिवाय सवय लागण्याची, गुंगीत पडून राहण्याची धास्ती. उपशामक, म्हणजे त्रास हलका करणारे, उपचार देणाऱ्या डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. दर चार तासांनी गोळी, जोडीला पोट साफ होण्याचं औषध, कारण बद्धकोष्ठता हमखास होते. मळमळ आणि पेंग बहुधा काही दिवसांत ओसरते. देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी घेतलं तर व्यसन क्वचितच लागतं.

शेवटी मी गोळी घेतली आणि झोपले. उठून चहा मागितला. मग कितीतरी दिवसांनी लेकाशी नीट बोलले: बँकेची कागदपत्रं, त्याच्या बाबांच्या आठवणी, मला वाटणारी भीती, सगळंच. दोघंही रडलो. आता उदास वाटलं तर मी ते लपवत नाही, आणि त्यामुळे हसूही खरं येतं.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स हेच मांडत असत: शरीराची, मनाची, नात्यांची, श्रद्धेची वेदना वेगवेगळी काढता येत नाही. अमेरिकेत २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच उपशामक शुश्रूषा मिळालेल्यांना नैराश्य कमी आलं, आणि ते सरासरीने जास्त जगले.

एका गोष्टीचा मला फार संताप येतो. मॉर्फिन ज्यापासून बनतं ती अफू मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने पिकते, आणि आपल्याच खेड्यापाड्यांतली माणसं मॉर्फिनवाचून तळमळत जातात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जाचाने डॉक्टर, औषधवाले बिचकले. २०१४ साली दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली, तरी ती भीती गेलेली नाही.

घरात असं दुखणं आलं तर इतर उपचार चालू असतानाच उपशामक उपचारांची चौकशी करा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून ही सेवा विनामूल्य देतं. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.